अमेरिकेतील ‘प्री-मेड’ विद्यार्थी : संशोधन आणि अनुभवाच्या संधी कोठे शोधाव्यात?

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या आणि पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्यांनी एम.डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी अशा प्रवेशासाठी आधीची पदवी आवश्यक नसे. १८९३ मध्ये बाल्टिमोर येथे सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयाने पदवीची अट घातली. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या गाजलेल्या अहवालाने विज्ञानाच्या भक्कम पूर्वतयारीचा आग्रह धरला आणि पुढे हा क्रम देशभर रूढ झाला. आज तेथे शालेय शिक्षणानंतर वैद्यकीय अभ्यासक्रमास थेट प्रवेश अपवादानेच मिळतो. आधी चार वर्षांची पदवी आणि मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, अशी व्यवस्था आहे. पदवीच्या या टप्प्यावर वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्यास ‘प्री-मेड’ म्हटले जाते.

‘प्री-मेड’ हे बहुतेक विद्यापीठांत एखाद्या पदवीचे नाव नाही. विद्यार्थी जीवशास्त्र घेऊ शकतो, तसाच इतिहास किंवा संगीतही घेऊ शकतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे विषय प्रयोगांसह पूर्ण केले म्हणजे बहुतांश महाविद्यालयांची अट पुरी होते. त्यानंतर एमकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परंतु आपल्याकडील ‘नीट’प्रमाणे केवळ या परीक्षेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागत नाही. विद्यार्थ्याने वर्गाबाहेर काय केले, याचीही तितक्याच बारकाईने तपासणी होते. मुलांना तेथे पाठविण्याचा विचार करणाऱ्या पालकांना हा भाग बहुधा उशिरा समजतो आणि तोवर दोन उन्हाळे निघून गेलेले असतात.

अर्जातील पंधरा जागा

एम.डी. अभ्यासक्रमाचे बहुतेक अर्ज अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या ‘अ‍ॅमकॅस’ या केंद्रीय सेवेमार्फत केले जातात. त्यात अनुभवांच्या नोंदींसाठी पंधरा जागा असतात. प्रत्येक अनुभवाचे वर्णन ७०० अक्षरचिन्हांत बसवावे लागते. त्यांपैकी तीन अनुभव ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्यांच्यासाठी आणखी १,३२५ अक्षरचिन्हे मिळतात. संशोधन, रुग्णालयातील सेवा, समाजकार्य, नोकरी, अध्यापन, खेळ, कला असे सर्व काही या नोंदींत येऊ शकते. पंधराही जागा भरणे बंधनकारक नाही.

स्पर्धा किती तीव्र आहे, हे आकड्यांवरून दिसते. २०२१ च्या प्रवेशवर्षात अमेरिकेतील एम.डी. महाविद्यालयांसाठी ६२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी अर्ज केले आणि त्यांपैकी सुमारे २२,६०० जणांना प्रत्यक्ष प्रवेश मिळाला. अशा गर्दीत पंधरा किरकोळ नोंदींपेक्षा दोन-तीन वर्षे टिकलेले एकच काम अधिक बोलके ठरते. त्या कामावर मुलाखतीत प्रश्न विचारले जातात. चार आठवड्यांत आटोपलेल्या कामाविषयी सांगण्यासारखे फार थोडे असते.

पहिली संधी स्वतःच्याच आवारात

संशोधनाची संधी म्हणताच अनेकांचे लक्ष नामवंत संस्थांच्या उन्हाळी कार्यक्रमांकडे जाते. वस्तुतः सर्वांत सहज मिळणारी संधी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विद्यापीठातच असते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात ‘एमआयटी’ने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामावून घेणारी ‘यूरॉप’ ही योजना सुरू केली. आज बहुतेक मोठ्या विद्यापीठांत अशा प्रकारचे कार्यालय असते. ते प्राध्यापकांकडील रिक्त जागांची यादी ठेवते, लहानसहान अनुदाने देते आणि वर्षाअखेर विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे प्रदर्शनही भरविते. हे काम श्रेयांक, मानधन किंवा निव्वळ अनुभव यांपैकी कोणत्याही स्वरूपात करता येते.

यादीत जागा नसली तरी प्राध्यापकांशी थेट संपर्क साधण्याची पद्धत तेथे सर्वमान्य आहे. त्यासाठीचे ई-पत्र मोजके असावे. प्राध्यापकांचा एखादा अलीकडील शोधनिबंध खरोखर वाचून त्यातील कोणत्या प्रश्नाने कुतूहल वाढले, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. आठवड्याला किती तास देता येतील आणि किती सत्रे काम करण्याची तयारी आहे, हे स्पष्ट करावे. सोबत गुणपत्रक व अल्पपरिचय जोडावा. एकच मजकूर पन्नास जणांना पाठविला, तर तो तत्काळ ओळखू येतो. उत्तर न आल्यास आठवड्याभराने एकदा नम्र स्मरणपत्र पाठविणे योग्य, त्याहून अधिक पाठपुरावा टाळावा. प्रयोगशाळेतील पीएच.डी.चे विद्यार्थी आणि संशोधन सहकारी यांच्याशी आधी बोलल्यास तेथील कामाची रीत कळते. पुढे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष शिकविणारी मंडळीही बहुधा तीच असतात.

सुरुवातीचे काम साधे असते. द्रावणे तयार करणे, नमुन्यांवर खुणा करणे, नोंदी संगणकात भरणे, आधीचे संशोधन शोधून त्याचे सार काढणे यांत पहिले सत्र सरते. त्याने खट्टू होण्याचे कारण नाही. विश्वास बसल्यावरच स्वतंत्र प्रश्न हाती येतो. संशोधन केवळ परीक्षानळ्यांचे असते, हाही एक गैरसमज आहे. साथरोगशास्त्र, आरोग्य अर्थशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र यांतील कामही तितकेच ग्राह्य धरले जाते. बहुतेक महाविद्यालयांत संशोधन ही प्रवेशाची लेखी अट नाही. मात्र एम.डी.-पीएच.डी. या जोड अभ्यासक्रमासाठी दीर्घ संशोधनानुभवाविना निभाव लागत नाही.

उन्हाळी कार्यक्रम आणि नागरिकत्वाची अट

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानावर अनेक विद्यापीठांत ‘आरईयू’ नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम चालतात. ते साधारणतः आठ ते दहा आठवड्यांचे असून विद्यार्थ्यास विद्यावेतन आणि बहुधा निवासाची सोयही मिळते. त्यांचे अर्ज हिवाळ्यातच मागविले जातात. भारतीय पालकांनी मात्र येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. या अनुदानातून विद्यावेतन मिळण्यासाठी विद्यार्थी अमेरिकेचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी, म्हणजे ग्रीनकार्डधारक, असावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यास हे दार बंद असते. ‘अ‍ॅमजेन स्कॉलर्स’ या खासगी निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमाच्या अमेरिकेतील शाखेलाही हीच अट आहे.

नागरिकांनाही या कार्यक्रमांचा पूर्ण भरवसा धरता येत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने आपला उन्हाळी प्रशिक्षण कार्यक्रम रद्द केला आणि काही ‘आरईयू’ केंद्रांनीही त्या वर्षी विद्यार्थी घेतले नाहीत. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची सूचना मूळ संस्थेकडून तपासून घेणे आणि हाताशी दुसरा पर्याय ठेवणे शहाणपणाचे ठरते. स्वतःच्या विद्यापीठातील प्रयोगशाळेचे महत्त्व यासाठीच अधिक आहे.

रुग्णांच्या सहवासातील अनुभव

वैद्यकीय व्यवसायाचे खरे स्वरूप विद्यार्थ्याने पाहिले आहे का, याची खातरजमा निवड समिती करते. त्याचे अनेक मार्ग आहेत. डॉक्टरांसोबत राहून त्यांचे काम केवळ पाहणे, यास ‘शॅडोइंग’ म्हणतात. रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागात नाव नोंदवून रुग्णांना चाकाच्या खुर्चीतून नेणे, नातेवाइकांना माहिती देणे अशी कामे करता येतात. ‘स्क्राइब’ म्हणून काम करणारा विद्यार्थी डॉक्टर व रुग्ण यांच्यातील संभाषणाची संगणकीय नोंद ठेवतो. सुमारे दीडशे ते दोनशे तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण करून रुग्णवाहिकेवर ‘ईएमटी’ म्हणूनही काम मिळविता येते. मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या ‘हॉस्पिस’ संस्थांनाही स्वयंसेवकांची गरज असते.

या सर्व ठिकाणी रुग्णाची गोपनीयता काटेकोरपणे पाळावी लागते. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्यानुसार रुग्णाची माहिती बाहेर फोडणे हा गंभीर नियमभंग आहे. रुग्णालयात प्रवेश देण्यापूर्वी लसीकरणाचे पुरावे, क्षयरोगाची चाचणी आणि पार्श्वभूमीची पडताळणी यांची मागणी सर्रास होते. त्यात काही आठवडे जातात. त्यामुळे अर्ज लवकर करणे इष्ट.

विद्यार्थी व्हिसाची चौकट

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत आणि सुटीत पूर्णवेळ काम करता येते. प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेतील सशुल्क काम या चौकटीत बसू शकते. आवाराबाहेरील प्रशिक्षणासाठी मात्र ‘सीपीटी’ची परवानगी लागते. त्यासाठी सर्वसाधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते आणि ते प्रशिक्षण अभ्यासक्रमाचाच भाग असावे लागते. रुग्णालयाच्या नियमित स्वयंसेवक योजनेतील सेवा सहसा चालते. परंतु ज्या कामासाठी इतरांना वेतन दिले जाते, ते काम विनामोबदला करणे हीदेखील विनापरवाना नोकरी ठरू शकते. काम सुरू करण्यापूर्वी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाचा लेखी सल्ला घ्यावा.

मायदेशातील उन्हाळा

अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतील अनेक मुले उन्हाळ्यात आजोळी येतात आणि एखाद्या काका-मामांच्या रुग्णालयात चार आठवडे घालवितात. हा अनुभव मोलाचा असू शकतो, पण त्यास मर्यादा आहेत. ‘घरचेच रुग्णालय’ म्हणून टाके घालू देणे, सुई टोचू देणे, प्रसूतीत हात लावू देणे असे प्रकार घडतात आणि मुले ते अभिमानाने अर्जात लिहितात. निवड समितीपुढे ही नोंद गुण म्हणून जात नाही, दोष म्हणून जाते. परदेशांत रुग्णसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. जे काम करण्याची मुभा विद्यार्थ्यास अमेरिकेत नाही, ते त्याने अन्य देशातील रुग्णावरही करू नये, हा त्यांचा आशय आहे. खाटेवरचा रुग्ण गरीब आहे, तो नकार देणार नाही, एवढ्यावरून त्याची संमती गृहीत धरता येत नाही.

पाहण्या-शिकण्यासारखे महाराष्ट्रात पुष्कळ आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे उभ्या केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविण्यात आले. तेथील प्रशिक्षणासाठी परदेशांतूनही विद्यार्थी येतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या शुश्रूषेचा प्रयोग केला. त्यामुळे नवजात बालमृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोठ्या यंत्रसामग्रीवाचूनही दर्जेदार संशोधन होते, याचा हा वस्तुपाठ आहे.

प्रत्यक्ष संशोधन करावयाचे असल्यास कायदेशीर बाबी आधी पाहाव्यात. २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना भारतात संशोधन करण्यासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. मानवी सहभागाच्या कोणत्याही अभ्यासास संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मान्यता आवश्यक असते. दोन महिन्यांच्या सुटीत हे सारे जुळणे कठीण आहे. त्यामुळे आधीच मान्यता मिळालेल्या एखाद्या अभ्यासात रीतसर सहभागी होता येईल का, याची चौकशी काही महिने अगोदर करावी.

शुल्क घेणाऱ्या ‘इंटर्नशिप’

वैद्यकीय ‘इंटर्नशिप’च्या नावाखाली हजारो डॉलर शुल्क घेणारे खासगी कार्यक्रम मोठ्या संख्येने आहेत. शुल्क भरून मिळालेले प्रमाणपत्र आणि सुट्यांमधील नोकरी यांत निवड समितीला कित्येकदा नोकरीच अधिक भावते. घर चालविण्यासाठी दुकानात काम करणाऱ्या किंवा आजारी आजीची काळजी घेणाऱ्या विद्यार्थ्यानेही तो अनुभव अर्जात अवश्य नोंदवावा.

चार वर्षांची आखणी

पहिल्या वर्षी अभ्यासावर पकड बसविणे आणि एका ठिकाणी नियमित सेवा सुरू करणे पुरेसे आहे. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी प्राध्यापकांशी संपर्क साधावा आणि त्या हिवाळ्यात उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज करावेत. तिसऱ्या वर्षी एमकॅट देऊन उन्हाळ्याच्या तोंडावर ‘अ‍ॅमकॅस’चा अर्ज भरला, तर पदवीनंतर लगेच प्रवेश घेता येतो. बरेच विद्यार्थी मध्ये एक-दोन वर्षे थांबून संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात. त्यास कमीपणा मानला जात नाही.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी अखेरचा हिशेब कठोर आहे. अमेरिकेतील बहुतांश एम.डी. महाविद्यालये परदेशी नागरिकांना प्रवेश देत नाहीत. जी देतात, त्यांपैकी काही महाविद्यालये अनेक वर्षांचे शुल्क आगाऊ जमा करण्याची अट घालतात. मुलास ‘प्री-मेड’ म्हणून पाठविण्यापूर्वी, पदवीच्या चार वर्षांचा खर्च सुरू होण्याआधीच, ही वस्तुस्थिती घरात मोकळेपणाने बोलली गेली पाहिजे. प्रयोगशाळेत चिकाटीने घालविलेली वर्षे मात्र वाया जात नाहीत. पीएच.डी., सार्वजनिक आरोग्य, जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र यांच्या वाटा त्याच कामातून निघतात. डॉक्टर होण्याची ओढ आणि हा दुसरा पर्याय या दोहोंचा विचार करून जो विद्यार्थी पहिल्या वर्षापासून काम निवडतो, त्याला चौथ्या वर्षी रिकाम्या हाताने उभे राहावे लागत नाही.