बँक-विवरणपत्रे, अमेरिकेतील

बँका व बचतसंस्था यांनी आपली मत्ता, देयता, भांडवल व उत्पन्न यांचा तपशील ठराविक नमुन्यात व मुदतीत नियंत्रक संस्थेस सादर करण्याची कायदेशीर पद्धती. भागधारकांसाठीच्या वार्षिक ताळेबंदाहून ही विवरणपत्रे भिन्न होत. ठेवीदारास बँकेचे दप्तर पाहता येत नाही; म्हणून त्याच्या वतीने शासनाने ते पाहावे, हे त्यांमागील तत्त्व होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही पद्धती यादवी युद्धाच्या काळापासून रूढ आहे. बँकेची स्थिती कोणत्या दिवसाची दाखवावी आणि मत्तेचे मोल कोणत्या किमतीने करावे, या दोन प्रश्नांभोवती तिचा इतिहास फिरत आला आहे.

यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी व देशभर एकसारख्या नोटा चालू करण्यासाठी १८६३ व १८६४ च्या कायद्यांनी राष्ट्रीय बँका अस्तित्वात आल्या. त्यांच्यावर देखरेखीसाठी चलन-नियंत्रकाचे कार्यालय स्थापन झाले. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या सोमवारची स्थिती बँकांनी त्यास कळवावी, असा १८६४ च्या कायद्याचा दंडक होता. तारीख आधीच ठाऊक असल्याने त्यातून अनिष्ट प्रथा पडली. न्यूयॉर्कमधील बँकांना देयतांच्या २५ टक्के रोख निधी राखावा लागे. तो पुरेसा दिसावा म्हणून विवरणाच्या दिवसापूर्वी शेअरबाजारातील मागणीकर्जे परत घेण्यात येत आणि तो दिवस उलटताच पुन्हा देण्यात येत. परिणामी दर तिमाहीस पैशाची टंचाई भासे व व्याजाचे दर भडकत. ताळेबंद मात्र सजलेला दिसे.

यावर ३ मार्च १८६९ च्या कायद्याने उपाय योजला. वर्षातून किमान पाच विवरणपत्रे मागविण्याचा अधिकार नियंत्रकास मिळाला आणि त्याने सांगितलेला दिवस उलटून गेलेला असावा, असे ठरले. मागणी हाती पडल्यापासून पाच दिवसांत उत्तर देणे भाग होते. विलंबास दर दिवशी १०० डॉलर दंड होता. विवरणपत्रावर अध्यक्ष किंवा रोखपाल यांची शपथ व तीन संचालकांची साक्ष लागे आणि ते स्थानिक वृत्तपत्रात बँकेच्या खर्चाने छापावे लागे. नियंत्रकाच्या या ‘हाके’वरूनच त्यास ‘कॉल रिपोर्ट’ हे नाव पडले. पुढे तिमाहीअखेरचा दिवस कायम करण्यात आला. नाव मात्र टिकून राहिले.

विसाव्या शतकात नियंत्रक संस्थांची संख्या वाढली. १९१३ च्या कायद्याने फेडरल रिझर्व्ह पद्धती, तर १९३३ च्या कायद्याने फेडरल डिपॉझिट इन्शुअरन्स कॉर्पोरेशन हा ठेव-विमा निगम निर्माण झाला. घरबांधणीस कर्जे देणाऱ्या बचत व ऋण संस्थांसाठी १९३२ मध्ये वेगळे मंडळ व १९३४ मध्ये वेगळा विमा निगम स्थापन झाला. नमुन्यांत एकवाक्यता आणण्यासाठी १९७८ च्या कायद्याने या संस्थांची संयुक्त परिषद नेमण्यात आली.

मत्तेच्या किमतीचा प्रश्न मंदीच्या काळात ऐरणीवर आला. बाजारभावाने मोल केल्यास रोख्यांच्या घसरणीने सुस्थित बँकाही तोट्यात दिसतात व रोखे विकू लागतात; त्यामुळे घसरण आणखी वाढते. म्हणून १९३८ मध्ये नियंत्रक संस्थांनी एकमताने उत्तम प्रतीचे रोखे बाजारभावाऐवजी पुस्तकी किमतीने दाखविण्यास मुभा दिली. या सवलतीचा हेतू समंजस होता. पण व्याजदर वाढल्याने होणारा तोटा तिच्या आडोशास दिसेनासा होई.

बचत व ऋण संस्थांच्या बाबतीत हा आडोसा मुद्दाम वाढविण्यात आला. त्यांची कर्जे दीर्घ मुदतीची व स्थिर व्याजाची, तर ठेवी अल्प मुदतीच्या होत्या. १९७९ नंतर व्याजदर चढताच ठेवींवरील व्याज कर्जांवरील उत्पन्नाहून अधिक झाले. अशा वेळी मंडळाने आवश्यक नक्त मूल्याची मर्यादा ५ टक्क्यांवरून १९८० मध्ये ४ व १९८२ मध्ये ३ टक्क्यांवर आणली. कर्जे विकून झालेला तोटा त्याच वर्षी न दाखविता अनेक वर्षांवर विभागण्यास १९८१ मध्ये अनुमती मिळाली. वस्तुतः बुडालेल्या संस्था अशा रीतीने कागदोपत्री तग धरून राहिल्या व अधिक साहसी कर्जे देत राहिल्या. १९८६ ते १९९५ या काळात १,०४३ संस्था बंद पडल्या आणि करदात्यांवर सु. १२४ अब्ज डॉलरांचा भार पडला. १९८९ च्या कायद्याने ते मंडळ व विमा निगम रद्द झाले. नियामक विवरणपत्रांतील लेखापद्धती सर्वमान्य लेखातत्त्वांहून शिथिल नसावी, असा दंडक १९९१ च्या कायद्याने घातला. बचतसंस्थांचे स्वतंत्र विवरणपत्रही पुढे बंद झाले आणि २०१२ पासून त्या कॉल रिपोर्टच सादर करू लागल्या.

१० मार्च २०२३ रोजी बंद पडलेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने मोलाचा जुना प्रश्न पुन्हा उभा केला. मुदतपूर्तीपर्यंत राखावयाचे तिचे सु. ९१ अब्ज डॉलरांचे रोखे २०२२ च्या अखेरीस बाजारभावाने सु. ७६ अब्ज डॉलरांचेच होते. हा तोटा लपविलेला नव्हता; विवरणपत्रात दोन्ही किमती नोंदविल्या होत्या. परंतु नियमानुसार तो भांडवलातून वजा होत नव्हता. ९ मार्च या एकाच दिवशी सु. ४२ अब्ज डॉलरांच्या ठेवी काढून घेण्यात आल्या.

भारतातही रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया कायदा, १९३४ अन्वये अनुसूचित बँका शुक्रवारची स्थिती कळवू लागल्या. १९४९ च्या बँकिंग कायद्याच्या ३५ व्या कलमाने प्रत्यक्ष तपासणीचा अधिकार त्यास जोडला. या जोडीचे महत्त्व मुंबईतील पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसून आले. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध घालताना रिझर्व्ह बँकेने दिलेल्या कारणांत, विवरणपत्रांत कर्जांची रक्कम चुकीची व कमी दाखविल्याचाही समावेश होता. निर्बंधांच्या काळात ठेवीदारांना आपल्याच ठेवी मर्यादेबाहेर काढता येईनात. दिवस व किंमत यांविषयीचे नियम कितीही काटेकोर असले, तरी विवरणपत्रातील आकडा खरा असल्याची खात्री दप्तर प्रत्यक्ष पडताळल्याखेरीज होत नाही.