गादी : पिंजण्यापासून बदलण्यापर्यंत

कापसाची गादी महाराष्ट्रातल्या घरांत एकदाच विकत घेतली जात नसे. ती भरून घेतली जाई आणि दोन-तीन वर्षांनी उसवली जाई. आतला कापूस पिंजून त्याच खोळीत पुन्हा भरत. खोळ विरली तर नवी शिवत, कापूस कमी पडला तर शेर-दोन शेर नवा मिसळत. या फेरभरणीमुळे एकच गादी एका घरात पिढीभर टिके. हे काम करणारा पिंजारी होता, आणि गादीचा इतिहास मोठ्या प्रमाणात त्याच्या धंद्याचा इतिहास आहे.

मऊ बिछान्याविषयीचा एक फार जुना पुरावा या प्रदेशात उलट्या बाजूने मिळतो. अजिंठ्याचे 12 क्रमांकाचे लेणे इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतला बौद्ध विहार आहे. मधल्या दालनाच्या तीन बाजूंना बारा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत खडकातच कोरलेले दोन ओटे आहेत आणि उशाशी दगड थोडा उंच ठेवलेला आहे. भिक्षूंची निजण्याची जागा ती हीच. विनयपिटकात एक नियम आहे : कापूस भरलेली खाट किंवा बाक करवून घेणाऱ्या भिक्षूने तो दोष कबूल करावा आणि भरलेला कापूस काढून टाकावा. त्यात झाडाचा, वेलीचा आणि गवताचा अशा तीन प्रकारच्या कापसांची नोंद आहे. ज्या गोष्टीवर बंदी घालावी लागते ती समाजात रुळलेली असते, त्यामुळे गृहस्थांच्या घरी कापूस भरलेल्या शय्या तेव्हा होत्या यात शंका राहत नाही. झाडाचा कापूस म्हणजे सावरीचा. काटेसावरीची बोंडे चैत्र-वैशाखात फुटतात आणि त्यांतला रेशमासारखा गुळगुळीत कापूस उडू लागतो. त्याचे सूत निघत नाही, पण उशीत तो फार हलका राहतो. सावरीच्या उश्या कोकणात आणि घाटमाथ्यावर आजही भरल्या जातात.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या इतर भोगांबरोबर शय्याभोगही वर्णिलेला आहे. हंसाची पिसे, सावर, साधा कापूस अशा निरनिराळ्या भरणाच्या शय्या त्यात येतात. पुढे चौदाव्या शतकात दिल्लीत राहिलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने इथल्या खाटेचे बारकाईने वर्णन केले. त्याच्या मते ती इतकी हलकी असते की एक माणूस उचलून नेतो. लाकडी चौकटीवर सुती किंवा रेशमी पट्ट्या विणलेल्या असल्याने ती मुळातच लवचीक असते. गाद्या-दुलयांना धुता येईल असे वेगळे कापड चढवण्याची इथली रीतही त्याने टिपली. आजच्या घरातल्या खोळीची आणि अभ्र्याची ही जवळपास सातशे वर्षांपूर्वीची साक्ष आहे.

ही झाली दरबारी आणि सधन घरांची गोष्ट. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरात सुंभाने विणलेली बाज, घोंगडी, जुन्या लुगड्यांची वाकळ किंवा नुसता पेंढा हेच अंथरूण होते. कोकणात तर पावसाळ्यातल्या दमट हवेमुळे कापूस ओल धरतो, म्हणून चटई सोयीची पडे. गादी होती ती पाहुण्यासाठी, बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी. सावकाराच्या आणि सराफाच्या पेढीवर मात्र ती दिवसभर पसरलेली असे, वर पांढरी चादर आणि पाठीशी लोड. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून गादी-उशी देत. मृत्यूनंतरच्या विधींत शय्यादानात ती ब्राह्मणाला दिली जाई. सुतक असेपर्यंत मात्र गादीवर निजायचे नाही, असा दंडक होता.

देवाच्या अंथरुणाची काळजी माणसाच्या अंथरुणाहून जास्त नेटाने घेतली गेली. आषाढी आणि कार्तिकीच्या यात्रेआधी पंढरपुरात विठ्ठलाचा पलंग काढतात. दर्शन रात्रंदिवस सुरू राहते, देव निजत नाही, म्हणून त्याच्या पाठीशी कापसाचा लोड आणि रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या देतात. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि शेजघरातला पलंग पुन्हा मांडला जातो. तुळजापूरच्या भवानीची वर्षातून तीनदा मंचकी निद्रा असते. भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होणारी घोरनिद्रा घटस्थापनेला संपते, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. घोरनिद्रेआधी देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजून त्या नव्याने भरल्या जातात. कापूस मोकळा करून पुन्हा भरण्याची जी पद्धत घरांतून निघून गेली, ती या विधीत शिल्लक आहे.

पिंजारी हा समाज बहुतांशी मुसलमान. नदाफ आणि मन्सूरी ही त्याची आणखी दोन नावे. नदाफ हा शब्द अरबी ‘नद्दाफ’ म्हणजे कापूस पिंजणारा यावरून आला. 922 साली बगदादला ज्याला देहान्त शिक्षा झाली त्या मन्सूर अल-हल्लाज या सूफी संताशी मन्सूरी लोक आपले नाते जोडतात. पिंजण्याची कमान भारतात कुठून आली यावर इतिहासकारांचे एकमत नाही. इरफान हबीब यांनी ती तेराव्या-चौदाव्या शतकांच्या सुमारास पश्चिमेकडून आल्याचे मांडले, तर विजया रामस्वामी यांनी दक्षिण भारतातल्या साहित्यातून ती त्याआधीच इथे वापरात असल्याचे दाखले दिले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या हत्याराने गेली काही शतके घरोघर काम केले आणि ते पिंजाऱ्याच्या खांद्यावरून आले, एवढे पक्के.

हत्यार साधे होते. माणसाच्या उंचीएवढी जाड लाकडी काठी, तिच्या एका टोकाला रुंद फळी आणि दोन टोकांमध्ये जनावराच्या आतड्याची ताणून बसवलेली तात. कमान दोरीने आढ्याला टांगलेली असे, म्हणजे तिचे वजन हातावर येत नसे. पिंजारी जमिनीवर बसून डाव्या हाताने कमान कापसाच्या ढिगावर धरी आणि उजव्या हातातल्या, दोन्ही टोकांना गोळे असलेल्या लाकडी ठोकळ्याने तात ओढून सोडी. तात थरथरे आणि दबून गाठ झालेल्या कापसाचा प्रत्येक तंतू सुटा होई. माती आणि सरकीचे तुकडे वजनाने खाली पडत, तंतू वर उडत. मूठभर कापसाचा पाहता पाहता ढीग होई. तात फार खोल कापसात बुडाली तर तंतू तुटतात आणि फार वरून चालली तर गाठी तशाच राहतात, म्हणून सारे कसब डाव्या हाताचे. गावात आल्यावर पिंजारी तात छेडी, तिचा आवाज हीच त्याची हाळी.

पिंजून झाले की गादीपाटाची खोळ पालथी घालून तिच्यावर कापूस सारख्या थराने पसरत. कडा जरा भरीव ठेवीत, कारण गादी आधी कडेने बसते. मग कापसासकट खोळ गुंडाळून उलटवत आणि काठीने थोपटून कापूस कोपऱ्यांपर्यंत पोचवत. शेवटी लांब दाभणाने आरपार टाके घालत. टाके नसतील तर झोपणाऱ्याच्या कुशीबरोबर कापूस सरकतो आणि मधे खळगा पडतो. एका माणसाच्या गादीला साधारण 8 ते 10 किलो कापूस लागे. शिवणकाम पुष्कळदा घरातल्या बायका करीत. हंगाम दिवाळीपासून मृगापर्यंत, कारण ओलसर हवेत कापूस पिंजला जात नाही. नाकातोंडात जाणारी तूस ही या धंद्याची किंमत होती. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार पुढे गिरणीकामगारांच्या संदर्भात ओळखला गेला, पण तीच धूळ पिंजारी पिढ्यान्‌पिढ्या गिळत आला होता, आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

गादी पुन्हा पुन्हा पिंजावी का लागे, याचे उत्तर तंतूतच आहे. कापसाचा तंतू पोकळ, चपटा आणि पिळलेला असतो. या पिळांमुळे तंतूंमध्ये हवा अडकते आणि गादी फुगीर राहते. अंगाचा भार आणि घाम यांमुळे पीळ दबतात. कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल सहज धरतो. गादी उन्हात टाकली की ही ओल जाते, कापूस पुन्हा वर येतो आणि ढेकूणही कमी होतात. पण दोन-तीन वर्षांत काही गुंते इतके घट्ट होतात की उन्हाने सुटत नाहीत, तिथे पिंजणच लागते. या कामाला आखूड आणि जाडसर धाग्याचा देशी कापूस उत्तम, कारण तो दाबल्यावर लवकर उसळतो. कातायला जो कापूस हलका ठरे, तोच निजायला चांगला ठरला.

एकोणिसाव्या शतकाने या धंद्याचे अर्धे अंग कापून नेले. पिंजारी गादीसाठी पिंजे तसा कातणाऱ्या बायकांच्या पेळूंसाठीही पिंजे. आधी विलायती सूत आले, मग 1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापली आणि गिरण्या वाढत गेल्या. हातकताई बसली, तसे पेळूंचे काम संपले आणि पिंजाऱ्याच्या हाती गाद्या-दुलया तेवढ्या उरल्या. पुढे खादीची चळवळ सुरू करताना गांधीजींना पिंजारी शोधावा लागला, आणि सापडला त्याने महिना 35 रुपये मागितले असे त्यांच्या आत्मकथेत आहे. कसब दुर्मिळ झाले होते, हे त्या रकमेवरून कळते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 या काळात, इंग्लंडला अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून भरमसाट भावाने जाऊ लागला. भाव इतके चढले की लोकांनी गाद्या-उश्या उसवून आतला कापूस विकला आणि त्यांत काथ्या भरला, असे त्या वेळच्या मुंबईविषयी सांगितले जाते. युद्ध संपले, 1865 च्या जुलैत सट्टेबाजीचा डोलारा कोसळला आणि कापूस पुन्हा स्वस्त झाला.

गादीवर पुढचा घाला प्लेगचा : सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. प्लेगप्रतिबंधाच्या मोहिमेत संशयित घरांतली अंथरुणे जाळली गेली. गरिबाच्या घरातली एकुलती एक गादी जळाली की भरपाई कुठून होणार? या मोहिमेविरुद्धच्या पुण्यातल्या 1897 च्या असंतोषात लोकांच्या घरातल्या चीजवस्तूंच्या नासाडीचा राग मोठा होता.

विसाव्या शतकात विजेवर चालणारी पिंजणयंत्रे आली. दातेरी रुळांतून कापूस जाऊ लागला, कमान आढ्यावरून उतरली आणि फिरता पिंजारी दुकानदार झाला. खरा फटका नंतरचा. डनलॉप कंपनीने 1929 च्या सुमारास रबराच्या चिकापासून फोम बनवला आणि त्या कंपनीचे नाव मराठीत फोमच्या गादीलाच चिकटले. जर्मनीत ओटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनपासून पुढे त्याहून स्वस्त फोम निघाला. भारतात काथ्यावर रबराचा चीक फवारून केलेल्या गाद्याही चालल्या. मणिपालमध्ये 1962 साली सुरू झालेल्या कंपनीचे ‘कर्लऑन’ हे नाव घरोघर पोचले. फ्लॅटमध्ये पलंग कायमचा मांडलेला राहू लागला, सकाळी वळकटी बांधायची गरज उरली नाही, गच्चीत गादी टाकायला जागा उरली नाही. जड, न उसवणारी, हमीपत्रासह येणारी गादी या घरांना सोयीची होती. ती बसली की फेकून नवी आणायची.

इकडे शेतातला कापूसही बदलला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात जवळपास सगळीकडे देशी वाणच होते. लांब धाग्याच्या अमेरिकी वाणांनी आणि 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर संकरित बियाण्यांनी त्यांची जागा घेतली. गादीला लागणारा आखूड उसळता कापूस त्यामुळे दुकानात सहज मिळत नाही. गिरणीतला टाकाऊ कापूस किंवा कृत्रिम धाग्यांची भेसळ पुष्कळदा हाती येते.

नव्या गादीवर पैसे घालणाऱ्याने एक निष्कर्ष लक्षात ठेवावा. ‘लॅन्सेट’मध्ये 2003 साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या अभ्यासात, जुनाट कंबरदुखी असलेल्या 313 जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली होती. तीन महिन्यांनी मध्यम गादीवरच्यांचे दुखणे जास्त कमी झालेले दिसले. पाठीला कडकच गादी हवी, ही समजूत त्याने मोडली. नीट पिंजून, पुरेसा कापूस घालून, टाके मारून भरलेली गादी साधारण याच मधल्या प्रकारात बसू शकते. घरात जुनी कापसाची गादी असेल तर ती टाकण्याआधी उसवून आतला कापूस पाहावा. तंतू पांढरा आणि चिवट असेल तर पिंजून घ्यावा. यंत्रावर पिंजणारी दुकाने महाराष्ट्रातल्या अनेक तालुक्यांच्या गावी अजून आहेत. आपल्यासमोर कापूस तोलून घ्यावा, नवा मिसळताना तो हातात चुरडून पाहावा आणि टाके जवळजवळ घालायला सांगावे.