पूडलचें आनुवंशिक अंधत्व

लहान चणीच्या पूडल कुत्र्यांत एक आनुवंशिक नेत्ररोग आढळतो. त्याची पहिली खूण तिन्हीसांजेला दिसते: ओळखीच्या जिन्याशीं कुत्रा थबकतो, अंधाऱ्या अंगणांत उतरण्यास कचरतो. दृष्टिपटलांतील, अंधुक प्रकाशांत पाहणाऱ्या दंडपेशी आधीं झिजतात. मागाहून दिवसाउजेडीं पाहणाऱ्या शंकुपेशीही जातात. या रोगांत वेदना नाहींत, तसा त्यावर उपायही नाहीं.

स्वीडनमधील मॅग्नुसन यांनीं १९११ सालीं गॉर्डन सेटर कुत्र्यांतील अशाच रोगाचें वर्णन करून त्याचा संबंध रक्ताच्या नात्यांतील जोड्यांशीं लावला होता. लहान पूडलमधील रोगाचें वर्णन अमेरिकेंतील अगीरे व रुबिन यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलें. १९६० ते १९८२ या काळांत अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणींत पूडल पहिल्या क्रमांकावर होता. मागणी मोठी, म्हणून पैदासही मोठी.

मेंडेलच्या नियमाप्रमाणें हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लू आंधळें होतें. एकाकडूनच आला तर तें डोळस राहतें, पण दोष पुढें पोंचवितें. अशा दोन वाहकांच्या पिल्लांपैकीं सरासरी चौथा हिस्सा आंधळीं व निम्मीं वाहक निघतात. शिवाय डोळ्यांतील बदल वैद्याला दिसेपर्यंत कुत्रा बहुधा तीन ते पांच वर्षांचा होई. तोंवर त्याचीं पिल्लें घरोघर गेलेलीं असत. वाहक ओळखण्यासाठीं संशयित कुत्र्याची आंधळ्याशीं जोडी लावीत आणि पिल्लांचे डोळे जातात काय, हें वर्षानुवर्षें पाहात. दोष हुडकण्यासाठीं आंधळीं पिल्लें जन्मास घालावीं लागत.

१९९८ सालीं दोषाचें स्थान कुत्र्याच्या नवव्या गुणसूत्रावर निश्चित झालें आणि २००६ सालीं जनुक हातीं आलें. ५४ अमिनो आम्लांच्या एका चिमुकल्या प्रथिनांत दुसऱ्या जागीं सिस्टीनऐवजीं टायरोसीन येतें, एवढाच तो फरक! दृष्टिपटलाचा आनुवंशिक रोग जडलेल्या बांगलादेशांतील एका माणसांतही नेमका तोच फरक सांपडला.

आतां गालाच्या आंतील पेशी तपासून वाहक पिल्लूपणींच ओळखतां येतो. निर्दोष जोडीदाराशीं त्याची जोडी लावल्यास एकही पिल्लू या रोगानें आंधळें होत नाहीं. उलट सर्वच वाहक वगळले, तर जातीचें रक्त आणखी आकुंचित होऊन दुसरे दडलेले दोष वर येण्याचा धोका असतो. आंधळ्या झालेल्या कुत्र्यास या शोधानें दृष्टि परत मिळत नाहीं. पुढच्या पिढीची मात्र राखतां येते.