परमुलखातली पंगत

दिवाळीच्या फराळाचे डबे हल्ली आमच्या यवतमाळातूनही सातासमुद्रांपलीकडे जातात. डबा पोहोचल्याची खूण म्हणून तिकडून छायाचित्र येते. त्यात कुठल्याशा सभागृहातले महाराष्ट्र मंडळाचे संमेलन असते. पैठण्या, फेटे, मध्ये समई. आजी-आजोबा सुखावतात. परंतु घरात एखादे चिकित्सक काका असतातच. ते हटकून विचारतात, "एवढे दूर जायचे आणि पुन्हा आपल्याच माणसांत बसायचे, तर मग गेलात कशाला?"

काकांचा हा प्रश्न वाटतो तितका खवचट नाही. मी त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला स्कॉटलंडच्या लोकांची आठवण झाली. आपल्या कोकणासारखाच तो मुलूख. डोंगर फार, कसदार जमीन थोडी, आणि घरातला एखादा मुलगा बाहेर पडल्यावाचून चूल पेटायची मारामार. हे लोक जगभर पांगले आणि जिथे गेले तिथे त्यांनी आपले मंडळ काढले. ३० नोव्हेंबरला संत अँड्र्यूचा दिवस आणि २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती ही मंडळे आजही साजरी करतात. चौकडीचा घागरा नेसलेले पुरुष, मशकवाद्य आणि जेवणावळ हा थाट पाहिला म्हणजे वाटते, सगळी हौसेचीच मामला!

वास्तविक आरंभ हौसेतून झालेला नाही. १६५० साली डनबारच्या लढाईत क्रॉमवेलने स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. पकडलेल्या शिपायांपैकी काहींना जहाजात कोंबून अमेरिकेत पाठवले आणि तिथे मुदतबंदीचे मजूर म्हणून विकले. त्यानंतर सातच वर्षांनी, १६५७ साली, बोस्टन गावात स्कॉट लोकांनी एक धर्मादाय संस्था काढली. तिचे भांडवल म्हणजे वर्गणीची एक पेटी. आजारी देशबांधवाला औषध मिळावे, मेलेल्याला मूठमाती मिळावी, एवढाच हेतू. नाचगाणे पुढे आले. आधी आली ती पेटी.

१७२९ साली चार्ल्स्टन बंदरात संत अँड्र्यूच्या नावाने दुसरे मंडळ निघाले. त्याच्या नियमांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संकटात सापडलेला माणूस कोणत्याही देशाचा असो, त्याला मदत करावी, असे त्या मंडळींनी ठरवले होते. अर्थात त्याच बंदरावर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांचा बाजार भरत असे. नियमाचा हात तेवढा लांब पोहोचला नाही, हेही सांगितले पाहिजे.

मंडळाच्या हातून राजकारणही होऊ शकते. १७४६ साली कलोडनच्या रणावर पहाडी स्कॉट लोकांचे बंड मोडले, आणि पार्लमेंटने त्यांच्या पारंपरिक पोशाखावरच बंदी घातली. १७७८ साली लंडनमध्ये राहणाऱ्या पहाडी मंडळींनी आपली सोसायटी स्थापन केली, खटपट आरंभली, आणि १७८२ साली तो कायदा रद्द झाला. गावी राहिलेल्यांना जे मागता आले नाही, ते परगावी गेलेल्यांनी मिळवून दिले.

आता आपल्याकडे वळू. इंग्रजी अमदानीत आपण सरसकट ज्यांना 'साहेब' म्हटले, त्यांत स्कॉट थोडेथोडके नव्हते. एल्फिन्स्टन स्कॉट. मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापणारा ग्रँट डफ स्कॉट. नागपूरला शाळा काढणारे आणि गोंडांची गाणी टिपून ठेवणारे पाद्री हिस्लॉप स्कॉट. मुंबईत स्कॉटिश कुटुंबांतल्या पोरक्या मुलांसाठी १८४७ साली अनाथाश्रम निघाला. माहीमची आजची बॉम्बे स्कॉटिश शाळा ती हीच. आज तिच्या बाकांवर मराठी मुले बसतात.

परंतु या मंडळींच्या पंगतीत एक कडू घासही वाढला गेला. ३० नोव्हेंबर १८८८ रोजी कलकत्त्यात संत अँड्र्यूच्या दिवसाची मेजवानी होती. पाहुणे होते व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन. काँग्रेस तेव्हा अवघी तीन वर्षांची. राज्यकारभारात वाटा मागणारे हे सुशिक्षित लोक म्हणजे सूक्ष्मदर्शकातूनच दिसावेत इतके अल्प आहेत, अशी संभावना लाटसाहेबांनी त्या मेजवानीत केली. ज्या देशाचे अन्न ताटात होते, त्याच देशाच्या माणसांचा तो उपहास होता.

गंमत पुढेच आहे. महिनाही लोटला नाही तो अलाहाबादेस काँग्रेसचे चौथे अधिवेशन भरले. अध्यक्ष कोण? कलकत्त्याचे व्यापारी जॉर्ज यूल, जातीचे स्कॉट! पुढल्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले विल्यम वेडरबर्न, तेही स्कॉट. एकाच मातीची माणसे. पण कोणी मेजवानीतल्या मेजाशी थांबली, तर कोणी उठून यजमानांच्या बाजूला जाऊन बसली.

मला वाटते, काकांना द्यायचे उत्तर इथे आहे. आपल्यात बसण्यात वावगे काही नाही. दार उघडे आहे की लावलेले, एवढेच पाहायचे. मॉरिशसला आपली कोकणातली माणसे मुदतबंदीचे मजूर म्हणून गेली. घरात क्रिओल बोली आली तरी त्यांनी गणपती सोडला नाही. आज गणेश चतुर्थीची सुट्टी त्या साऱ्या देशाला मिळते. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने निघाले. राज्यकर्त्यांच्याच राजधानीत आपल्या माणसाला आपल्या भाषेत बोलायला जागा हवी होती. ही मंडळे नसती तर तिसऱ्या पिढीला आडनावापलीकडे काय उरले असते?

आणि दार उघडे ठेवणे म्हणजे काय, याचा दाखला शोधायला आम्हां यवतमाळकरांना लांब जावे लागत नाही. लोकनायक बापूजी अणे आमच्या जिल्ह्यातल्या वणीचे. १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते लंकेत गेले. तिथे १९४७ पर्यंत राहिले. लंकेत त्यांनी ज्यांची बाजू सांभाळायची होती, ते बहुतेक चहाच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर. ना त्यांची भाषा वऱ्हाडी, ना त्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी. तरीही परमुलखात वणीच्या या माणसाची 'आपली माणसे' तीच होती.