षष्ठीत उरलेली आई

आयर्लंडच्या जुन्या कथांतल्या देवकुळाला ‘तुआथा डे दानन’ म्हणतात. अर्थ सांगतात तो असा : दानू देवीचे लोक. तुटलेल्या हाताच्या जागी चांदीचा हात लावून घेणारा राजा नुआदा, सर्व विद्यांत निपुण असलेला लूग, हे सगळे या कुळातले. पण ती स्वतः? तिची एकही कथा शिल्लक नाही.

माझ्यासारख्या शब्दांत रमणाऱ्या माणसाला चटका लावते ते व्याकरण. ‘दानन’ हे षष्ठीचे रूप, म्हणजे ‘दानूचे’. ‘दानू’ ही प्रथमा जुन्या पोथ्यांत मिळत नाही. अभ्यासकांनी ती मागाहून बांधली. लेकरांच्या नावाला लागलेली एक विभक्ती, तेवढीच आई उरली!

तीही उरली ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांमुळे. अकराव्या शतकात ‘लेबोर गबाला एरेन’ ही आयर्लंडच्या वसाहतींची बखर रचणाऱ्यांनी या देवकुळाची वंशावळ नोहापर्यंत नेऊन भिडवली. (आम्ही त्यांना नूह पैगंबर म्हणतो.) ‘तुआथ डे’, म्हणजे देवाचे लोक, हे शब्द बायबलमधल्या इस्रायलींसाठीही वापरात होते. घोटाळा नको म्हणून पुढे ‘दानन’ जोडले गेले, असे काहींचे मत आहे. कारण काही असो. आपण जिला मानत नाही, तिचे नाव त्यांनी खोडले नाही. मला ही लहान गोष्ट वाटत नाही.

आपल्या ऋग्वेदातही एक दानू आहे. वृत्राची आई, इंद्राने मारलेल्या मुलापाशी पडलेली. पुराणांतली दनू दानवांची माता. ही नावे आणि डॅन्यूब नदीचे नाव एकाच मुळाचे, वाहत्या पाण्याचा अर्थ असलेले, असा एक तर्क आहे. तर्कच तो.

कॅशेलचा बिशप आणि राजा कॉर्मक ९०८ मध्ये लढाईत पडला. त्याच्या नावावरच्या शब्दकोशात ‘आना’ येते : आयर्लंडच्या देवांची माता, त्यांना नीट पोसणारी. ती आणि दानू एकच, असे पुष्कळजण मानतात. मला ती घाई वाटते, पण मोह होतो खरा. केरी भागात सुमारे ७०० मीटर उंचीचे दोन गोलसर डोंगर शेजारी शेजारी आहेत. त्यांना तिचे स्तन म्हणतात. दोन्ही माथ्यांवर प्राचीन माणसांनी दगडांच्या राशी रचून स्तनाग्रे केली आहेत. पायथ्याच्या पवित्र विहिरीवर एक मे रोजी ख्रिस्ती भाविक जमत, प्रार्थना म्हणत आणि सोबत आणलेल्या गुरांनाही तेच पाणी पाजत.