गाडीमागचा कंदील

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, लातूर जिल्ह्यात शिरूर नावाची दोन प्रसिद्ध गावं आहेत. एक शिरूर ताजबंद आणि दुसरं शिरूर अनंतपाळ. मी बोलतोय ते अनंतपाळच्या शिरूरबद्दल. हे गाव १९९९ साली तालुक्याचं ठिकाण झालं. दिवाळी झाली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की या भागातल्या रस्त्यांवर रात्री दोन गोष्टी अनुभवाला येतात. समोरून येणारा ट्रॅक्टर अर्ध्या कोसावरून दिसतो, कारण त्याच्या टपावर एलईडीचे चार-चार फोकस असतात. आणि आपल्या पुढे चाललेली उसाची ट्रॉली मात्र दहा हातांवर येईपर्यंत दिसत नाही. पुढे इतका उजेड आणि मागे इतका अंधार, हे कसं झालं, ते आज सांगायचंय.

माझ्या आजोबांची बैलगाडी होती. रात्री निघायचं असलं, की ते गाडीच्या आसाला कंदील टांगत. चाकांच्या मधे तो झुलत राही आणि चाकांच्या मोठाल्या सावल्या बांधावरून फिरत. त्या उजेडात पुढची वाट काही दिसत नसे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बैलाला वाट ठाऊक असती बाबा. कंदील येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून हाय." हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

तो कंदील बहुधा 'प्रभाकर' असायचा. कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि त्यांचा स्वदेशी प्रभाकर कंदील मराठी मुलखात घरोघर गेला. रेल्वेचीही रीत हीच होती. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातुरात पोचली. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला मागे तांबडा दिवा असतो. तो दिसला, की गाडी पुरी आली, मधे डबा सुटला नाही, हे स्टेशनवरच्या माणसाला कळतं. म्हणजे त्या काळी गाडीवरचा दिवा जितका आपल्यासाठी, तितकाच दुसऱ्यासाठी होता.

मग मोटारी आल्या. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. मोटारीला बैलासारखी वाट ठाऊक नसते, आणि वेगही मोठा. त्यामुळे पुढचा दिवा हा तिचा डोळाच झाला. सायकलीला डायनामो आला. पुढे राजदूत आणि बुलेटचे दिवस आले. त्या जुन्या गाड्यांची यंत्रणा ६ व्होल्टची. इंजिन मंद झालं, की दिवाही मंद. खड्डा आला म्हणून वेग कमी करावा, तर नेमका तेव्हाच खड्डा दिसेनासा व्हायचा! मग क्लच दाबून रेस करायची आणि रस्ता बघायचा. ज्यांनी हे केलंय, ते आत्ता हसत असतील.

एलईडीचा जन्म मात्र मोटारीच्या नव्हे, रेडिओच्या घरातला आहे. १९०७ साली मार्कोनी यांच्या कंपनीतले हेन्री राउंड रेडिओसाठी कार्बोरंडमचे खडे तपासत होते. खड्यातून वीज सोडली, तेव्हा तो पिवळसर उजळला. पुढे रशियात ओलेग लोसेव्ह या तरुणाने या उजेडाचा नेटाने अभ्यास केला. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो गेला. १९६२ साली अमेरिकेत निक होलोनयाक यांनी तांबडी एलईडी केली. पण निळी होईना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. ते जपानमध्ये साधलं. १९९३ साली शुजी नाकामुरा यांची झगझगीत निळी एलईडी बाजारात आली. त्यांना, अकासाकी आणि अमानो यांच्यासह, २०१४ सालचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे ही पांढरी एलईडी शिरली ती भारनियमनाच्या काळात, चिनी बॅटऱ्यांमधून. गावातल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी त्या खोलल्या आणि आतले दिवे मोटारसायकलला, मग ट्रॅक्टरला लावले. गरज खरीच होती. उन्हाळ्यात नांगरट रात्री बरी पडते. सोयाबीनची रास करताना पावसाचं भय असलं, तर मळणी यंत्र पहाटेपर्यंत चालतं. शेतीपंपाची वीज रात्री येते, तेव्हा रानात जावंच लागतं. आणि ढेकळांच्या हिसक्यांनी साध्या बल्बची तार तुटते. एलईडीला तारच नाही.

हिशोबही सोपा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतात. २० वॅटचा एलईडी फोकस दोन अँपिअरही घेत नाही. घरी करणाऱ्यांचं गणित असं: पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन एकापाठोपाठ जोडल्या, की ९.६ झाले. ट्रॅक्टर चालू असताना दाब १४ व्होल्टपर्यंत चढतो. उरलेले ४.४ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. २० मिलिअँपिअरच्या छोट्या दिव्यांना २२० ओहमचा रेझिस्टर बसतो. ज्यांनी १२ व्होल्ट धरून गणित केलं, त्यांचे दिवे महिन्याभरात काळे पडले. दुसरा धडा उष्णतेचा. एलईडीचा उजेड पुढे जातो, पण ताप पाठीत राहतो. म्हणून मोठी एलईडी ॲल्युमिनियमवर बसवावी लागते. खिडकीच्या पट्टीचे उरलेले तुकडे त्या कामी आले. पाणी शिरू नये म्हणून एम-सील लावलं, की झाला फोकस तयार. ही कारागिरी कौतुकाचीच आहे.

पण रानातला हा फोकस रस्त्यावर आला, तिथे घोटाळा झाला. मोटारीच्या दिव्याची काच आणि परावर्तक उजेड खाली वळवतात, म्हणून डिपर मारता येतो. घरच्या फोकसला डिपर नाही. तो सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

काही वर्षांपूर्वी मी निलंग्याहून मोटारसायकलने परतत होतो. समोरून असाच फोकसवाला ट्रॅक्टर आला आणि डोळे दिपले. तो गेला, तरी दोन-तीन क्षण काळोखच काळोख. त्या काळोखात नाकाला ओल्या उसाचा वास आला. वासावरून ब्रेक दाबला, म्हणून आज बोलतोय. पुढे पंक्चर झालेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त चार दगड आणि बाभळीची एक फांदी. उसाचे बुडखे माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होते. त्या रात्री आजोबांचं वाक्य आठवलं.

ट्रॉलीवाल्यांना विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "दिवा लावतो, पण वायर टिकत नाही." खोटं नाही. दोन ट्रॉल्या, ओढाताण, दर खेपेला सोडा-जोडा, वायर तुटतेच. पण जो हात फोकस करतो, त्याला हे कोडं अवघड नाही. तांबडी एलईडी दोन व्होल्टवर पेटते. पाच एकापाठोपाठ जोडा आणि १२० ओहमचा रेझिस्टर घाला. अशा दोन माळा मिळून ४० मिलिअँपिअर घेतात. दहा तासांत ०.४ अँपिअर-तास. फवारणीच्या पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते. ती जुनी होऊन पंपाला पुरेनाशी झाली, तरी हा दिवा रात्रभर सहज पेटेल. ट्रॅक्टरपासून वायर ओढायलाच नको. कायद्याने सांगितलेले मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर हवेतच. हा त्यांच्या जोडीला.

टपावरच्या एका फोकसला जेवढा खटाटोप लागतो, त्याच्या निम्म्यात हे काम होतं. फोकस करणाऱ्याला त्याचा उजेड स्वतःला दिसतो. मागचा दिवा मात्र लावणाऱ्याला कधीच दिसत नाही. कदाचित म्हणूनच तो राहून जातो. यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी, मंडळी, एक संध्याकाळ त्यासाठी काढा. रानातले फोकस रस्त्याला लागताच बंद करा, आणि ट्रॉलीच्या मागे तांबडा दिवा टांगा. आमच्या आजोबांनी तो रॉकेलवर पेटवला होता.