तांड्यातलं देऊळ काय सांगतं?

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या पट्ट्यातल्या कुठल्याही तांड्यात शिरलं, की बहुधा दोन देवळं शेजारी-शेजारी दिसतात. लाल झेंडा जगदंबेचा, म्हणजे मरियामा याडीचा. पांढरा सेवालाल महाराजांचा. देवीला बोकड चालतो, सेवाभायांना मात्र गोडाचाच भोग. आज आपण विचारणार आहोत, की ही पांढऱ्या झेंड्याची देवळं इतिहासाचा पुरावा म्हणून कशी वाचायची?

परंपरेनुसार महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा, दक्षिणेतला. निर्वाण १८०६ सालचं. समाधी पोहरादेवीला, ते गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे, पण दिग्रसहून जवळच. त्या काळी बंजारा समाज लदेणीवर जगायचा. बैलांच्या पाठीवर मीठ नि धान्य लादायचं आणि मुलूखभर फिरायचं. आता बघा, चालत्या तांड्याला पक्कं देऊळ कसं परवडणार?

पुढे १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. माल गाडीनं जाऊ लागला, लदेणी मोडत गेली. १८७१ च्या कायद्यानं कित्येक फिरत्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला; तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली गेला. महाराष्ट्रात बंजारा आज विमुक्त जातींत मोडतात, ते त्यामुळेच. या ओढाताणीत तांडे थांबले, शेतीला लागले, आणि मग देवळं उभी राहिली. म्हणून देऊळ दिसलं की ‘महाराज इथे आले होते’ एवढ्यावरच आपण थांबू नये. ‘इथे तांडा कधी थांबला?’ हेही विचारावं.

असंच कोडं इंग्लंडच्या उत्तरेत आहे. संत कथबर्ट ६८७ साली वारले. ८७५ मध्ये व्हायकिंगांच्या भीतीनं भिक्षूंनी त्यांची शवपेटी उचलली आणि लिंडिसफार्न बेट सोडलं. ९९५ मध्ये ती डरहॅमला विसावली. त्या मुलखात त्यांच्या नावाची अनेक चर्च आहेत, आणि ‘पेटी इथेच टेकवली होती’ असं कित्येक गावं सांगतात. सगळ्याच कथा खऱ्या धरता येत नाहीत. पण त्या गावाला कुणाशी नातं सांगायचं होतं, हे त्यातून नक्की कळतं.

आपल्याकडे तर याला आणखी वजन आहे. अनेक तांड्यांना स्वतंत्र महसुली गाव म्हणून ओळख नव्हती; सरकारी दप्तरात ते शेजारच्या गावाच्या नावाखाली गेले. कागदावर नाव नाही, तिथे देऊळ हीच तांड्याची खूण. याच भागातल्या गहुलीत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते, हे राज्याला ठाऊक आहे. पण साध्या तांड्याचा इतिहास कोण लिहिणार?

जुने ओटे पाडून आता स्लॅबची देवळं होताहेत. व्हावीत, त्याला आमची ना नाही. फक्त ओटा पाडण्याआधी तांड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून घेऊ या : ओटा कुणी बांधला, तेव्हा नायक कोण होता, तांडा कुठून आला? एवढं एका वहीत उतरलं, तरी तांड्याचं दप्तर सुरू झालं म्हणायचं.